मुरंब्याला बक्षीस, चित्रांना नाही

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, व्हरमाँटच्या सीमेला लागून असलेल्या शेतकरी मुलखात कृषी प्रदर्शने भरवण्याची जुनी प्रथा आहे. गाईगुरे, भाजीपाला, लोणची, मुरंबे, विणकाम असे जे जे शेतात पिकते आणि घरात घडते, ते तेथे मांडायचे आणि परीक्षकांनी त्यांतील उत्तम वस्तूंना बक्षिसे द्यायची, असा तेथला रिवाज. १९३०च्या दशकात ईगल ब्रिज या खेड्यातील सत्तरी ओलांडलेल्या एका विधवेने अशा प्रदर्शनात आपले मुरंबे आणि जॅम ठेवले. सोबत स्वतः रंगवलेली काही चित्रेही ठेवली. मुरंब्यांना आणि जॅमला बक्षीस मिळाले. चित्रांना काहीच मिळाले नाही.

या बाईंचे नाव ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस. पुढे साऱ्या जगाने त्यांना ‘ग्रँडमा मोझेस’, म्हणजे मोझेसआजी, म्हणून ओळखले. वयाची १०१ वर्षे पूर्ण करून १९६१ साली त्या वारल्या, तेव्हा त्यांच्या हातून पंधराशेहून अधिक चित्रे झाली होती आणि त्या चित्रांच्या प्रतिकृती अमेरिकेतील असंख्य घरांत पोहोचल्या होत्या. सेवानिवृत्तीच्या समारंभांत त्यांची कथा अनेकदा सांगितली जाते. ‘७८ व्या वर्षी हाती कुंचला घेतला आणि नशीब उजळले’ एवढ्यात ती आटोपते. ऐकणाऱ्याला उभारी यावी हा सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु कथा अशी सांगितली की तीत नशीब तेवढे उरते आणि माणसांनी केलेले काम निसटून जाते. आवडीचा छंद उतारवयात मिळकतीचे साधन कसा होतो, कोणाच्या साहाय्याने होतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे या कथेत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसत असेल. म्हणून ती पायरीपायरीने पाहावी असे आम्हांस वाटले.

पेन्शनबाहेरची माणसे

निवृत्ती ही कल्पना आज आपल्या अंगवळणी पडली असली तरी ती फार जुनी नाही. जर्मनीत बिस्मार्कच्या पुढाकाराने १८८९ साली कामगारांसाठी वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा झाला. त्यात वयाची अट ७० वर्षांची होती. ती ६५ वर आली १९१६ साली. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा १९३५ साली झाला आणि त्याखालचे पहिले मासिक पेन्शन ३१ जानेवारी १९४० रोजीच्या धनादेशाने दिले गेले. ते मिळाले व्हरमाँटमधील आयडा मे फुलर या वकिलांच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या बाईंना. रक्कम होती २२ डॉलर ५४ सेंट.

या कायद्यात शेतकऱ्यांना आरंभी जागा नव्हती. स्वतःची शेती कसणाऱ्यांना तो लागू झाला १९५५ पासून. म्हणजे आयडा फुलर यांच्या घरापासून फार दूर न राहणाऱ्या मोझेस कुटुंबाला या पेन्शनचा काहीही उपयोग नव्हता. नोकरदाराच्या आयुष्यात निवृत्तीचा एक ठरलेला दिवस असतो. त्या दिवशी हार, श्रीफळ, घड्याळ असे काही हाती पडते आणि दुसऱ्या दिवसापासून वेळ मोकळा होतो. शेतकऱ्याच्या, त्यातही शेतकऱ्याच्या बायकोच्या आयुष्यात असा दिवस उगवत नाही. शरीर एकेक काम नाकारत जाते आणि ते काम सुनेच्या किंवा मुलाच्या हाती जाते. तिची निवृत्ती ती एवढीच. हाती पैसा येत नाही; आपण आता कोणावर तरी भार झालो ही जाणीव मात्र येते. मोझेसआजींच्या छंदाकडे पाहताना ही पार्श्वभूमी दृष्टीआड करून चालणार नाही.

लोणी, वेफर्स आणि उरलेला वेळ

ॲना मेरीचा जन्म ७ सप्टेंबर १८६० रोजी ग्रीनविच या गावी एका शेतकऱ्याच्या घरी झाला. दहा भावंडांत ती तिसरी. वडील मुलांसाठी कोऱ्या वर्तमानपत्री कागदाचे ताव आणून देत. त्यांवर ही मुलगी द्राक्षांच्या आणि रानफळांच्या रसाने रंग भरी. पण हे बालपण फार टिकले नाही. १२ व्या वर्षी ती दुसऱ्यांच्या घरी कामाला लागली आणि पुढची पंधरा वर्षे तिने परक्या घरांत स्वयंपाक, धुणे, आजाऱ्यांची शुश्रूषा असे पडेल ते काम केले. एका घरच्या मालकांनी तिची चित्रांची आवड पाहून तिला खडू आणून दिले, एवढाच काय तो त्या काळातील कलेचा लाभ.

१८८७ साली थॉमस सॅल्मन मोझेस या शेतमजुराशी तिचा विवाह झाला. नवे जोडपे दक्षिणेकडे निघाले आणि व्हर्जिनियातील शेनँडोआच्या खोऱ्यात स्टाँटन गावाजवळ स्थिरावले. तेथे त्यांनी अठरा वर्षे काढली. ॲना मेरींना दहा अपत्ये झाली. त्यांतील पाच तान्हेपणीच गेली. १९०५ साली कुटुंब न्यूयॉर्क राज्यात परतले आणि ईगल ब्रिज येथे त्यांनी शेत घेतले. त्या शेताला त्यांनी ‘माउंट नीबो’ असे नाव दिले. बायबलमधील मोशेने वचनदत्त भूमी दुरून पाहून जेथे देह ठेवला तो हा पर्वत. थॉमस मोझेस यांनाही १९२७ साली त्याच शेतावर मृत्यू आला.

व्हर्जिनियातील त्या वर्षांची एक गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. ॲना मेरी संसारात हातभार म्हणून लोणी काढून विकीत. लोण्याचा बाजार मंदावला तेव्हा त्यांनी बटाट्याचे वेफर्स तळून विकायला आरंभ केला. त्या काळी त्या भागात तो एक नवा पदार्थ होता आणि त्याला गिऱ्हाईक मिळाले. नवऱ्याने द्यावे आणि आपण हात पसरावा ही कल्पनाच त्यांना रुचत नसे. आपल्या कष्टाचे आपल्या हाती काही असावे, असा त्यांचा स्वभाव होता. पुढे त्यांच्या चित्रांना पैसे मिळू लागले तेव्हा त्या गांगरल्या नाहीत. वस्तू चांगली करावी, तिचा वाजवी दर ठरवावा, सांगितलेल्या वेळी ती द्यावी, हे त्या लोण्याच्या आणि वेफर्सच्या व्यवहारात चाळीस वर्षांपूर्वीच शिकल्या होत्या.

छंदही असाच अधूनमधून जिवंत राहिला. १९१८ साली दिवाणखान्याला भिंतीचा कागद लावताना तो कमी पडला. शेकोटीपुढची फळी उघडी राहिली, तेव्हा त्यांनी त्या फळीवर एक निसर्गदृश्य रंगवून टाकले. त्याचे कोणी कौतुक केले असेल-नसेल, पण ५८ वर्षांच्या त्या बाईच्या हाताला रंगांची ओळख राहिली होती. म्हातारपणी छंद अचानक उगवतो अशी जी समजूत आहे, तिला ही फळी पुरेसे उत्तर आहे.

लोकरीकडून रंगाकडे

नवरा गेल्यावर शेत मुला-सुनेकडे आले. १९३२ साली आजी बेनिंग्टनला गेल्या, कारण तेथे राहणारी त्यांची मुलगी ॲना क्षयाने आजारी होती. त्या मुलीने आईला लोकरीचे एक भरतचित्र दाखवले आणि असे काही करून दे म्हणून गळ घातली. आजारी माणसाचे मन राखावे म्हणून आईने सुई हाती घेतली. नंतर अशी लोकरी चित्रे त्यांनी बरीच केली आणि आल्यागेल्याला देऊन टाकली.

पण हातांना संधिवाताने ग्रासले. बारीक सुई धरणे अवघड होऊ लागले. तेव्हा बहीण सेलेस्टियाने सुचवले की, त्यापेक्षा रंगव, ते तुला सोपे जाईल. मोझेसआजींच्या चित्रकलेचा उगम हा असा आहे. त्यात दैवी साक्षात्कार नाही. दुखरी बोटे आहेत आणि जवळच्या माणसाचा एक व्यवहारी सल्ला आहे. आमच्या मते या कथेतील पहिला उपकार त्या बहिणीचा. ‘आता हे सोडून दे’ असे म्हणणे तिला सहज शक्य होते, आणि वृद्धांना आपण बहुधा तेच सांगतो. तिने सोडायला सांगितले नाही, फक्त साधन बदलायला सांगितले.

औषधांच्या दुकानाची काच

जवळच्या हूसिक फॉल्स या गावात औषधांचे एक दुकान होते. तेथे परिसरातील बायकांनी घरी केलेल्या वस्तू विक्रीसाठी ठेवल्या जात. आजींची काही चित्रे त्या दुकानाच्या दर्शनी काचेमागे मांडली गेली. तेथे ती दीर्घकाळ धूळ खात राहिली.

१९३८ साली ईस्टरच्या सुमारास न्यूयॉर्क शहरातील लुई कॅल्डोर नावाचे एक गृहस्थ त्या गावातून जात होते. ते पेशाने अभियंता, आणि चित्रे जमवणे हा त्यांचा छंद. त्यांनी ती चित्रे पाहिली आणि होती तेवढी सगळी विकत घेतली. किंमत आकारमानाप्रमाणे : लहान चित्राला तीन डॉलर, मोठ्याला पाच. मग पत्ता विचारून ते थेट शेतावर गेले. आजी घरी नव्हत्या. सुनेने सांगितले की घरात आणखी दहाएक चित्रे आहेत, उद्या या. रात्री आजी परतल्या आणि मोजून पाहतात तो चित्रे नऊच. सुनेचा शब्द खोटा पडू नये म्हणून त्यांनी सकाळी एक मोठे निसर्गचित्र मधोमध कापले, दोन चौकटींत बसवले आणि दहाची भरती केली.

हा प्रसंग वाचून हसू येते आणि मनात आदरही उमटतो. कलावंताने आपले चित्र असे कापावे काय, असा प्रश्न कलासमीक्षक विचारतील. पण दहाचा शब्द दिला तर दहा द्यायचे, ही लोणी विकणाऱ्या बाईची सचोटी होती.

तीन डॉलर ही रक्कम आज हास्यास्पद वाटेल. ती तशी नव्हती. आयडा फुलर यांचे जे पहिले पेन्शन दोन वर्षांनी मिळायचे होते, ते मोझेसआजींच्या साडेसात लहान चित्रांच्या किमतीइतके होते. म्हणजे महिन्याला सात-आठ लहान चित्रे खपली असती, तर ज्या शेतकरी विधवेला सरकारने पेन्शन नाकारले होते तिने ते आपल्या बोटांनी मिळवले असते. उतारवयातील छंदाच्या मिळकतीचे खरे माप हे आहे. मोठी कीर्ती लाखांत एखाद्याला मिळते. औषधपाण्याचा खर्च स्वतः भागवता येणे, नातवंडाच्या हातावर काही ठेवता येणे, एवढे मात्र अनेकांच्या आवाक्यातले असते, आणि म्हाताऱ्या माणसाची मान त्यानेच ताठ राहते.

पॅरिसचा जकात कारकून

कॅल्डोर ती चित्रे घेऊन न्यूयॉर्क शहरात गेले. तेथे काय झाले हे सांगण्यापूर्वी आम्हांस थोडे मागे, पॅरिसला जावे लागेल. कारण छंदाच्या कथेची दुसरी बाजू तेथे आहे, आणि मोझेसआजींच्या यशाची एक वाटही तेथूनच निघाली आहे.

आंरी रूसो हा १८४४ साली लावाल गावी जन्मलेला माणूस पॅरिसच्या वेशीवर जकात वसूल करणारा कारकून होता. आपल्याकडील जुन्या जकात नाक्यांवर जसे काम चाले तसेच ते. कोणाकडेही न शिकता तो चित्रे काढी. परीक्षक मंडळ नसलेल्या एका वार्षिक प्रदर्शनात १८८६ पासून तो ती मांडू लागला. लोक ती पाहून हसत. १८९३ साली, ४९ व्या वर्षी, त्याने नोकरी सोडली आणि वर्षाला सुमारे हजार फ्रँकच्या पेन्शनवर पूर्ण वेळ चित्रकार व्हायचे ठरवले.

ते पेन्शन पुरेना. त्याने व्हायोलिनच्या आणि चित्रकलेच्या शिकवण्या केल्या, शेजाऱ्यांची व्यक्तिचित्रे काढली. १८९८ साली त्याने आपल्या जन्मगावच्या महापौराला पत्र लिहून ‘झोपलेली जिप्सी’ हे चित्र गावाने विकत घ्यावे अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही. परिचिताच्या नादाने एका बँकेच्या फसवणुकीत तो अडकला आणि १९०७च्या अखेरीस तुरुंगातही जाऊन आला. १९०८ साली तरुण पिकासोला त्याचे एक व्यक्तिचित्र जुन्या सामानाच्या दुकानात पाच फ्रँकना मिळाले. कॅनव्हास दुसऱ्या चित्राला वापरता येईल, अशी शिफारस करून दुकानदाराने ते विकले. पिकासोने त्याच वर्षी रूसोच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. मोठे व्यापारी त्याची चित्रे घेऊ लागले ते अगदी अखेरीस. २ सप्टेंबर १९१० रोजी पायाच्या जखमेचे विष अंगात भिनून तो रुग्णालयात वारला आणि त्याला गरिबांच्या दफनभूमीत पुरले. ‘झोपलेली जिप्सी’ हे चित्र आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे.

रूसोकडे निष्ठा होती, वेळ होता, तुटपुंजे का होईना पेन्शनही होते. कमी होते ते त्याच्या कामाचे वाजवी मोल ठरवणारे आणि त्याच्या वतीने बाजारात उभे राहणारे माणूस. पण त्याची उपेक्षा वाया गेली नाही. शाळेत न शिकलेल्या हातातही खरी कला असू शकते, हे त्याच्यामुळे युरोपातील जाणत्यांना पटले. ते पटलेले एक गृहस्थ पुढे मोझेसआजींना भेटायचे होते.

वय आड आले

न्यूयॉर्कच्या दालनांत कॅल्डोर चित्रे दाखवत हिंडले. कित्येकांनी नकार दिला. काहींना चित्रे आवडली, पण चित्रकर्तीचे वय विचारल्यावर त्यांचा उत्साह मावळला. नव्या चित्रकाराचे नाव करायला दालनाला पैसा आणि वर्षे घालावी लागतात. ७८ वर्षांच्या बाईवर ती घालून परत काय मिळणार, असा त्यांचा हिशेब. १९३९ साली आधुनिक कलेच्या संग्रहालयाने अपरिचित चित्रकारांच्या एका प्रदर्शनात आजींची तीन चित्रे घेतली, परंतु ते प्रदर्शन सभासदांपुरते होते आणि त्यातून काही निष्पन्न झाले नाही.

व्यापाराच्या दृष्टीने त्या मंडळींचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. आजी आणखी तेवीस वर्षे जगतील आणि शंभरी ओलांडल्यावरही चित्रे काढतील, हे कोणाला ठाऊक होते? पण या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : वृद्धाचे काम म्हणजे संपत आलेले काम. खेड्यातल्या परीक्षकांना चित्र कळत नव्हते, म्हणून त्यांनी त्याला बक्षीस दिले नाही. शहरातल्या जाणकारांना ते कळत होते, तरी त्यांनी वय पाहून पाठ फिरवली. या दोन नकारांत दुसरा अधिक लागणारा आहे.

१९४० साली कॅल्डोर ऑटो कॅलीर यांच्याकडे गेले. कॅलीर हे व्हिएन्नाचे ज्यू. १९२३ पासून तेथे त्यांचे कलादालन होते आणि क्लिम्ट, शीले यांच्यासारख्या चित्रकारांच्या कामाचा त्यांनी पुरस्कार केला होता. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा त्यांना देश सोडावा लागला. प्रथम पॅरिसला आणि नंतर न्यूयॉर्कला त्यांनी जे दालन उघडले, त्याचे नाव ‘गॅलरी सेंट एतिएन’, म्हणजे संत स्टीफनचे दालन. व्हिएन्नाच्या संत स्टीफन कॅथेड्रलची आठवण त्यांनी, स्वतः ज्यू असूनही, या नावात जपली होती. सर्वस्व मागे टाकून परक्या देशात नव्याने उभा राहू पाहणारा हा निर्वासित आणि ८० वर्षांची शेतकरी विधवा यांची गाठ पडली. दोघांनाही नव्याने आरंभ करायचा होता. यांपैकी कोणी कोणावर उपकार केले हे ठरवणे कठीण आहे.

ऑक्टोबर १९४० मध्ये ‘एका शेतकऱ्याच्या बायकोने काय रंगवले’ अशा अर्थाच्या नावाने प्रदर्शन भरले. आजी उद्‌घाटनाला गेल्या नाहीत. चित्रे आपण पाहिलेलीच आहेत, असे त्यांचे म्हणणे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गिम्बल्स या मोठ्या दुकानाने आभारदिनाच्या उत्सवात ती चित्रे मांडली, तेव्हा मात्र त्या काळा पोशाख आणि लेसची कॉलर घालून शहरात आल्या. श्रोत्यांना कलेविषयी काही ऐकायचे होते. आजींनी त्यांना मुरंबे कसे करावेत हे सांगितले. ‘ग्रँडमा मोझेस’ हे नाव वर्तमानपत्रांतून सर्वतोमुखी झाले ते याच वर्षापासून.

छंदाचा धंदा होताना

आजींच्या कामाची रीत पाहिली म्हणजे त्यांच्या चित्रांमागे किती नीटनेटका प्रपंच होता ते कळते. त्या आधी चौकट शोधत आणि मग चौकटीच्या मापाने फळी कापून घेत. जनावर आणण्यापूर्वी गोठा बांधून ठेवावा, हा शेतकरी शहाणपणा. फळीला आधी जवसाचे तेल आणि मग पांढऱ्या रंगाचे तीन हात देत. जुन्या फिरत्या खुर्चीवर उशा ठेवून, फळी टेबलावर आडवी मांडून त्या रंगवीत. क्रम वरून खाली : आधी आभाळ, मग डोंगर, मग झाडे, घरे, गुरे आणि शेवटी माणसे. रंग वाया जाऊ नये म्हणून अनेक चित्रांची आभाळे एकदमच भरीत. बर्फ चमकावे म्हणून त्यावर चकाकती पूड टाकीत. जाणकारांना ते पसंत नसे, पण उन्हात बर्फ चकाकते हे आजींनी डोळ्यांनी पाहिलेले होते. प्रत्येक चित्रामागे नाव, क्रमांक आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून त्या वहीत नोंद ठेवीत.

त्यांचे विषय त्यांच्या आयुष्यातलेच. मेपल झाडाचा गोड रस मोठ्या कढईत आटवून साखर करण्याचा हंगाम हा त्यांचा आवडता विषय. आपल्याकडील गुऱ्हाळ ज्याने पाहिले आहे त्याला त्या चित्रातली लगबग ओळखीची वाटेल. टर्की पकडणारी पोरे, गोधड्या शिवायला जमलेल्या बायका, बर्फातली घोडागाडी हे सारे त्यांनी आठवणीतून उभे केले. विजेचे खांब आणि ट्रॅक्टर त्यांनी आपल्या चित्रांत येऊ दिले नाहीत.

मिळकतीचा मोठा ओघ मूळ चित्रांपेक्षा त्यांच्या छापील रूपांमुळे सुरू झाला. १९४६ पासून त्यांची चित्रे नाताळच्या शुभेच्छापत्रांवर येऊ लागली. १९४७ पासून हॉलमार्क कंपनीने ती छापली. पुढे कापडावर, चिनी मातीच्या थाळ्यांवरही ती आली. येथे कॅलीर यांचे कर्तृत्व विशेष. चित्र विकले तरी ते छापण्याचा हक्क चित्रकाराचा असतो, हे खेड्यातल्या किती जणांना ठाऊक असते? तो हक्क सांभाळण्यासाठी ‘ग्रँडमा मोझेस प्रॉपर्टीज’ ही स्वतंत्र संस्था काढण्यात आली आणि छपाईचे करार तिच्यामार्फत होऊ लागले. रूसोला जे मिळाले नाही ते आजींना मिळाले, ते हेच : कामाचे मोल जाणणारा आणि हिशेब चोख ठेवणारा मध्यस्थ.

पुढील मानसन्मान थोडक्यात सांगतो. १९४९ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या हस्ते त्यांना महिला पत्रकारांच्या राष्ट्रीय संस्थेचा पुरस्कार मिळाला. १९५० साली त्यांच्यावर माहितीपट निघाला आणि त्यांची चित्रे युरोपातील शहरांतून फिरली. १९५२ साली आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, १९५३च्या डिसेंबरात ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्या झळकल्या. १९५१ मध्ये त्या शेतावरील जुने घर सोडून जवळच बांधलेल्या एकमजली घरात राहायला गेल्या. जीवनक्रम फारसा बदलला नाही.

परंतु धंद्याने छंदाकडून काही घेतलेच. तीच तीच चित्रे हवीत म्हणून मागण्या येत. चौकटीदार रंगाचे एक जुने घर आणि साखरेचा हंगाम हे विषय त्यांनी किती वेळा रंगवले याची गणती करणे कठीण. अनोळखी माणसे न सांगता दारी येत. कलाक्षेत्रातील काहींनी त्यांना शुभेच्छापत्रांची चित्रकर्ती म्हणून बाजूला सारले. जो छंद आपला आहे तोवर तो आपल्या मर्जीने चालतो. त्याचे पैसे येऊ लागले की त्यात गिऱ्हाईकाची मर्जी शिरते. आजींनी हा बदल कुरकुर न करता पत्करला, कारण त्यांच्या लेखी काम आणि आनंद या वस्तू कधी वेगळ्या नव्हत्याच. चित्रे काढली नसती तर कोंबड्या पाळल्या असत्या, अशा आशयाचे त्या बोलत. ज्याला हे साधत नाही त्याने छंदाचा एक कोपरा विक्रीबाहेर ठेवावा, हेच शहाणपणाचे.

१३ डिसेंबर १९६१ रोजी त्यांचे निधन झाले ते हूसिक फॉल्स येथेच, जेथे औषधांच्या दुकानात त्यांची चित्रे तीन डॉलरना टांगली होती. साखरेच्या हंगामाचे त्यांचे १९४३ सालचे एक चित्र २००६ साली १२ लाख डॉलरना विकले गेले.

आपल्यापुरते

आपल्या समाजातही पेन्शनबाहेरची माणसे पुष्कळ आहेत. बागायती करणारे, मासळी विकणारे, घरकाम करणारे, लग्नाकार्याला रांधून देणारे हात थकतात तेव्हा त्यांना निरोपसमारंभ नसतो. ज्यांना पेन्शन आहे त्यांच्यापुढे वेगळाच प्रश्न असतो : वेळ भरपूर आणि हाती घ्यावे असे काही नाही. या दोघांनाही मोझेसआजींच्या कथेतून काही घेण्याजोगे आहे, आणि ते चमत्काराची वाट पाहण्याचे नाही.

छंद काम करण्याच्या वर्षांतच थोडाथोडा जगवावा लागतो. साठाव्या वर्षी तो दुकानातून आणता येत नाही. हात दुखू लागले तर साधन बदलावे, काम सोडू नये. वस्तू चांगली केली असेल तर तिचे पैसे घेण्यात कमीपणा मानू नये. फुकट वाटलेल्या वस्तूचे कौतुक होते, पण तिची कदर होईलच असे नाही. आणि लिहून घेतलेल्या कराराशिवाय आपल्या कामाचा हक्क कोणाच्या हाती देऊ नये.

मात्र यापुढची जबाबदारी वृद्धांची नसून उरलेल्यांची आहे. या कथेतून बहीण, सून, औषधवाला, अभियंता आणि निर्वासित दालनमालक यांना काढून टाका. मग उरते ती ईगल ब्रिजमधील एक म्हातारी आणि तिच्या माळ्यावर पडलेल्या रंगीत फळ्या. आपल्या घरातील कोणाच्या पेटीत विणलेले, भरलेले, लिहिलेले, कोरलेले असे काय पडून आहे, याचा शोध आपण घेतला आहे काय? शहरातला जाणकार कधी येईल ते सांगता येत नाही. दुकानाच्या काचेत थोडी जागा करून देणे मात्र गावातल्या कोणालाही जमण्यासारखे आहे, आणि त्या औषधवाल्याने नेमके तेवढेच केले होते.